लाकडी अंगठा

पहिल्याच शनिवारी वृंदाने सवयीने वर्कशॉपच्या दारात बूट काढले आणि हेंकने तिला तिथेच अडवलं.

"इथे काढायचे नसतात, घालायचे असतात," म्हणत त्याने लोखंडी टोकाचे जड बूट तिच्यापुढे ठेवले.

हॉलंडमधल्या रायस्वाइक गावच्या या हौशी सुतारांच्या मंडळात सत्तरी उलटलेल्या हेंकचा शब्द शेवटचा. नवीन माणसाचा हात तो काही शनिवार पाहायचा आणि मगच त्याला लेथवर, म्हणजे लाकूड फिरवून कातायच्या यंत्रावर, एकट्याने काम करू द्यायचा.

वृंदा सावंतवाडीची. तिचे वडील बाळासाहेब लाकडी खेळणी कातायचे. "सूत काततात हे ऐकलं होतं, लाकूड कसलं काततेस?" असं तिचा पुणेकर नवरा ओमकार लग्नानंतर चिडवायचा. पण लग्नापर्यंत भातुकलीतली लाटणी आणि भोवरे वृंदाच्याच हातचे असत. मग पुणं, मग इथलं तिसऱ्या मजल्यावरचं घर, लेकीची शाळा, पाळणाघरातली नोकरी. लेथ मागेच राहिला. लेक ज्ञानदा शिकायला बाहेरगावी गेली, तेव्हा ओमकारनेच या मंडळाचा पत्ता शोधून दिला.

"जा बाई, सूत कातून ये," तो म्हणाला.

लाकूड फिरू लागलं, ताज्या भुशाचा वास आला आणि वृंदाचे डोळे भरून आले. तिने पटाशी टेकवली मात्र, खाडकन अडकली. लाकडाचा टवका उडून खिडकीवर आपटला. पुढच्या शनिवारी तेच. त्याच्या पुढच्या शनिवारीही तेच.

"हातच गेला माझा," घरी येऊन ती ओमकारला म्हणाली. "आता फक्त सांगायचं, की मला हे कधीकाळी यायचं."

"हेंक नाही म्हणाला का?"

"अजून नाही. पण म्हणेल."

नंतरच्या शनिवारी हेंक तिच्या हातांकडे न बघता खाली बघत उभा राहिला. पटाशी टेकवली की वृंदाचा उजवा पाय उचलला जायचा आणि बुटाचं टोक जमिनीवर टकटक करायचं.

"हा पाय काय शोधतोय?" त्याने विचारलं.

वृंदाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाबांचा लेथ जमिनीलगत होता, तिने सांगितलं. पुढे त्याला विजेची मोटार बसली, तरी काम बसूनच. पटाशी सरकू नये म्हणून पायाचा अंगठा तिला आडवा लावायचा. म्हणून तर पाय मोकळे हवेत.

तो हसेल असं तिला वाटलं. हेंक हसला नाही. त्याने कोपऱ्यातला छोटा लेथ उतरवून जमिनीवरच्या जाड फळीवर पक्का बसवला आणि कॉफीच्या टेबलाजवळचं बुटकं स्टूल आणलं. मग एक लाकडी खुंटी तासून ती पटाशीच्या टेकूला स्क्रूने आवळली.

"हा घे तुझा अंगठा. बूट मात्र काढायचे नाहीत."

वृंदा बसली. पटाशी खुंटीला टेकली आणि लाकडाची लांबच लांब, न तुटणारी साल तिच्या मनगटावरून ओघळू लागली. शेवटी तिने मूठभर सालींनीच फिरतं लाकूड घासून चमकवलं, बाबा करायचे तसं. ते टोकांना निमुळतं लाटणं हेंकने उलटसुलट करून पाहिलं. इकडच्या लाटण्यांना दोन्ही बाजूंना मुठी असतात.

"आणि याची मूठ कुठेय?"

"मूठ नसते त्याला."

"बरं," तो म्हणाला आणि हत्यारांच्या कपाटाची किल्ली तिच्या हातावर ठेवली. "पुढच्या शनिवारी तूच उघड."

दुसऱ्या दिवशी व्हिडिओ कॉलवर बाळासाहेबांनी वृंदाने पाठवलेला तिचा लेथवरचा फोटो डोळ्यांशी नेऊन पाहिला.

"गो बाय, बुटां घालून काततंस?"

"इथे नियम आहे, बाबा. पण ती खुंटी बघा. सगळे तिला अंगठाच म्हणतात."

म्हातारा खोकला येईपर्यंत हसला. मग डोळे पुसत म्हणाला, "त्या हेंकाक माझो नमस्कार सांग. विसरा नको."

वृंदा विसरली नाही. शनिवारी तिने निरोप दिला आणि नमस्कार कसा करतात तेही हात जोडून दाखवलं. हेंक काम करता करता उठला. पटाशी खाली ठेवायचं त्याच्या लक्षातच राहिलं नाही. हातातल्या पटाशीसकटच त्याने हात जोडले आणि सावंतवाडी नेमकी कुठे आहे ते ठाऊक नसल्यामुळे खिडकीकडे तोंड करून मान लववली.