फुलचंदचा दम

फुलचंद बॉल काखेत दाबून पळून राह्यलता. मागं जाडजूड अवधूत धापा टाकत, बाजूनं श्रेयस, अन् समोर जिनिंगच्या तारेच्या कुंपनाजोळ फक्कीनं मारलेली पांढरी रेघ. फुलचंदच्या कमरेले दोन्हीकडून जुन्या लुगड्याच्या लाल पट्ट्या खोचल्या होत्या. पट्टी ओढली का गडी बाद. अवधूतनं हात टाकला, पट्टी बोटाले लागून सुटली. श्रेयसनं झेप घेतली तर फुलचंद कंबर मोडून असा निसटला का श्रेयस सिधा कापसाच्या पऱ्हाटीच्या खुटावर. फुलचंदनं रेघ वलांडली, पाय टेकवला, अन् गर्रकन फिरून जिथून निघालता तिथवर पळत वापस आला. सारा वेळ त्याचे ओठ हालून राह्यलते.

"अबे येड्या, वापस काहून आला?" अवधूत तिथंच मातीत बसला. "पॉइंट तिकडं भेटते! हे काय कबड्डी होय?"

फुलचंद गुडघ्यावर हात ठेवून वाकला होता. ओठ चोचीवानी करून हळूहळू हवा सोडून राह्यलता. जरा वेळानं म्हने, "सवय हाये ना भाऊ. ढाणकीकडं रेडर होतो मी. रेघ शिवली का घरी याचं."

पोट्टे लोळून लोळून हासले. तवापासून साऱ्याईचं पक्कं झालं का फुलचंद पळतानी कबड्डी-कबड्डी पुटपुटते, अन् एका दमात जाऊन येते.

घाटंजीत हा अमेरिकेचा फुटबॉल आनला श्रेयसनं. वकीलसायबाचा पोरगा. पुण्याले इंजिनीअर व्हाले गेलता, तिथं कॉलेजात हा खेळ शिकला, विषय राह्यले, वापस आला. येतानी बॅगमंधी हा पपईवानी लांबुळका बॉल. फुटबॉल नाव, पन पायानं मारतच नाही कोनी. एकानं बॉल काखेत धराचा अन् समोरच्यायच्या घोळक्यातून घुसून पळाचं. त्या पळनाऱ्याले तिकडं रनिंग बॅक म्हनतात. घाटंजीच्या पोट्ट्याईनं त्याचं नाव पळ्या ठेवलं. अमेरिकेत एकमेकाले गाडीवानी ठोकतात, पन इथं हाडं कोन जोडनार, म्हनून श्रेयसच्या आईच्या जुन्या लुगड्याच्या पट्ट्या.

फुलचंद इकडचा नोहे. ढाणकीजोळच्या तांड्यावरचा. दिवाळी झाली का जिनिंगवर कापसाची सरकी काढाच्या कामाले ये, होळीले घरी जाये. दिवसभर रुईच्या ढिगात. संध्याकाळी बाहेर निघे तवा डोस्कं म्हाताऱ्यावानी पांढरं, पापन्याईवर रुई, नाकाले गमछा. पोट्टे म्हनत, "या आजोबा." तो कमरेवर हात ठेवून खरंच म्हाताऱ्यावानी चालून दाखवे.

रजतची अन् त्याची गाठ बजाराच्या दिवशी पडली. रजतनं दहावीतच शाळेले रामराम केला होता, पंक्चरच्या दुकानात बसे, अन् तोंड असं का रोज कोनाशी ना कोनाशी वाजे. त्या दिवशी बजारात तिघाईनं त्याले धरलं. सारा बजार पाहून राह्यलता. फुलचंद हातातली वांग्याची थैली खाली ठेवून मधात येऊन उभा राह्यला. मारलं नाही, बोलला नाही. नुसता उभा राह्यला, अन् रजतच्या वाट्याच्या दोन थापडा खाऊन घेतल्या. मंग थैली उचलून म्हने, "चाल, चहा पाज." त्या दिवसापासून फुलचंदले कोनी 'अरे' म्हनलं तरी रजत बाह्या वर सारे.

यवतमाळले मॅच ठरली. नागपूरची टीम येनार होती. त्याईच्यासंग दोघं पाहनारे, जो चांगला पळीन त्याले विदर्भाच्या टीममंधी नेनार. पळ्या एकच. तो कोन, यावर स्टँडजोळच्या नलूमावशीच्या टपरीवर सकाळपासून वाजून राह्यलं होतं. श्रेयसच्या मोबाइलवर एक काळाकभिन्न गडी पाच-सहा जनाईले चिरत पळून राह्यलता.

"पाह्य त्याचे खांदे," अवधूत म्हने. "पळ्याले वजन पाह्यजे. ट्रॅक्टरले कोन अडवते?"

"तू ट्रॅक्टर हायेस, पन डिझेल कुठं हाये तुह्यात?" रजत म्हने. "दहा पावलं गेला का इंजन गरम."

"वजन नाही अन् पाय पन नाही," श्रेयस म्हनाला. "नजर लागते. जागा व्हायच्या आधी जागा दिसली पाहिजे. थांब, हे बघ, इथं फट नाहीच आहे. तो तिकडं पळतो, अन् मग फट होते."

"हे फटीचं पुराण तू इंजिनीअरिंगच्या पेपरात लिव्हलं असशीन, म्हनून लटकला," रजत म्हने. श्रेयस पन हासला. "मी सांगतो. दम! नजर साऱ्याईले हाये. खांदे बैलाले बी हायेत. सारे थकल्यावर जो एक श्वास जास्त वढते, तो खरा पळ्या. हा माहा फुलचंद. एका दमात जाते अन् एका दमात येते. यायची गरज नाही तरी येते!"

नलूमावशीनं गिलास धुता धुता मान वर केली. "अन् चहा घेऊन जो गिलास वापस देते तो कोन होय रे? माहे चार गिलास कमी हायेत."

"फुल्या, तू सांग ना बे," अवधूत म्हने. "पळनारा तू अन् भांडून राह्यलो आम्ही."

फुलचंद चहात फुंकर मारून राह्यलता. लांब, हळू फुंकर. म्हने, "ज्याले कुठं थांबाचं ते समजते, तो."

"घ्या!" अवधूतनं कपाळावर हात मारला. "पळ्याची परीक्षा थांबन्यात!"

सारे हासले, फुलचंद बी हासला. पन शेवटी रजतचंच झालं. फुलचंद पळ्या, असं श्रेयसच्या तोंडून वदवून घेऊनच रजत उठला. त्या हप्त्यात पंक्चर काढता काढता तो गिऱ्हाइकाईले सांगे, "आमचा गडी विदर्भाकून खेळून राह्यला." लोक विचारत, काय खेळते? रजत म्हने, "तुमाले नाही समजनार."

मॅचच्या सकाळी सारे स्टँडवर जमले. यस्टी लागली होती. श्रेयसनं पट्ट्या वाटल्या अन् कोनाकडं न पाहता बोलला, "आज पळ्या मी राहीन. फुलचंद राखीव."

रजतले वाटलं मजाक हाये. मंग श्रेयसचं तोंड पाह्यलं.

"काहून?"

"मी ठरवलं."

"काहून, विचारून राह्यलो मी! बॉल तुह्या बापाचा हाये म्हनून? वकिलाच्या पोरानं पळाचं अन् जिनिंगच्या मजुरानं चपला सांभाळाच्या, हेच ना?"

श्रेयस बॅग उचलून यस्टीकडं वळला. रजतनं त्याची कॉलर धरली अन् एक ठेवून देली. टपरीवरचे लोक उठून उभे राह्यले. श्रेयसनं गालाले हात बी लावला नाही. फुलचंद मधात घुसला, जसा बजारात घुसला होता.

"जाऊ दे रज्या. बस हुकंन."

"तू बोलत काहून नाही बे? तुह्या तोंडात गूळ भरला हाये का?"

"गूळ नाही, चहा हाये," फुलचंद म्हने. "गरम हाये."

यवतमाळले ते हारले. श्रेयस बरा पळाला, पन पळ्या नोहे तो, दर टायमाले पट्टी हातात देऊन ये. पाहनाऱ्याईनं कोनालेच विचारलं नाही. फुलचंद रेघेच्या बाहेर साऱ्याईच्या चपला अन् मोबाइल घेऊन बसला होता अन् वरडून राह्यलता, "डावीकडून! श्रेयसभाऊ, डावीकडून!" ते पाहून रजतच्या अंगाची अजून आग झाली. ज्यानं हक्क खाल्ला त्यालेच भाऊ म्हनून राह्यला.

त्या दिवसापासून रजतनं श्रेयसशी बोलनं टाकलं. तो दिसला का रस्त्यावर थुंके. फुलचंदले म्हने, "त्या पपईले लाथ मार. आपून कबड्डीची टीम काढू. तू रेडर. मंग पाहतो कोन अडवते."

फुलचंद म्हने, "सीझन होऊ दे, मंग पाहू."

त्याचा सीझन पुरा झालाच नाही. संक्रांतीच्या मागंपुढं जिनिंगवर कापसाच्या गाड्याईची रांग सडकेवर आलती. एका सकाळी कोनीतरी पंक्चरच्या दुकानासमोर वरडत आलं, फुलचंद रुईच्या ढिगावर बसला हाये, उठून नाही राह्यला. रजत पळत गेला. फुलचंदचे ओठ निळे पडले होते. गमछा गळ्यात, पापन्या पांढऱ्या. इथल्या दवाखान्यानं ऑक्सिजन लावला अन् यवतमाळले न्या म्हनलं. गाडी यवतमाळच्या सडकेले लागली, फुलचंदचं डोस्कं रजतच्या मांडीवर. ओठ चोचीवानी करून तो हवा सोडून राह्यलता, सोडून राह्यलता. रजतले वाटलं तो कबड्डी म्हनून राह्यला.

"म्हन लेका, म्हन," तो त्याच्या कानात बोलला. "दम तोडू नको. रेघ आली. हे पाह्य, आलीच."

यवतमाळच्या डॉक्टरनं डोळ्यात बॅटरी मारून पाह्यली अन् खाली ठेवली. म्हने, दमा होता, फार जुना. रजत त्याच्या अंगावर धावून गेला. "दमा नाही सायेब! दम! दम हाये त्याच्यात. रेडर हाये तो!" दोन वॉर्डबॉयनं त्याले धरून बाकावर बसवलं.

तांड्यावर रजतच घेऊन गेला त्याले. फुलचंदची माय भुरीबाई दारातच बसून गेली. कोनी रडलं नाही आधी, मंग सारा तांडा रडला. श्रेयस बी आलता, मोटारसायकलनं, एवढ्या दूर. लिंबाखाली उभा होता. रजतनं त्याच्याकडं पाह्यलं नाही.

माती देऊन आल्यावर रजत फुलचंदच्या बहिनीजोळ बसला. दीपा तिचं नाव. काहीतरी बोलाचं म्हनून म्हनला, "कबड्डीत लय नाव असंन ना त्याचं इकडं?"

दीपानं त्याच्याकडं पाह्यलं. "दादाचं? दादा कबड्डी खेळलाच नाही कधी. लहानपनापासून दमा. याडी, माय आमची, खेळू देत नव्हती. तो खेळनाऱ्याईचे कपडे धरून बसे."

"पन पळतानी पुटपुटे तो..."

"दवाखान्यातल्या बाईनं शिकवलं होतं त्याले. श्वास दाटला का ओठ चोचीवानी कराचे अन् हळूहळू हवा सोडाची, चहा निववल्यावानी." तिनं करून दाखवलं. रजत उठून विहिरीकडं गेला अन् लय वेळ आला नाही.

घाटंजीले वापस येतानी त्याच्या डोस्क्यात एकच. श्रेयसनं त्या दिवशी पळू देलं असतं, तर एक दिवस तरी तो पळ्या झाला असता. दमा असो का काही असो. एक दिवस. तेवढा बी त्या वकिलाच्या पोट्ट्यानं खाल्ला. हे त्यानं मनात पक्कं धरून ठेवलं, अन् होळीपर्यंत धरून ठेवलं.

होळीच्या आदल्या दिवशी श्रेयस टपरीवर आला, रजतले पाहून चहा न घेताच वापस गेला. रजत थुंकला. नलूमावशीनं हातातलं फडकं आपटलं.

"कोनावर थुंकून राह्यला रे तू? तुले अजून सांगितलं नाही कोनी?"

"काय?"

"मॅचच्या आदल्या दिवशी संध्याकाळी श्रेयस अन् फुलचंद दोघंही इथंच बसले होते. या बाकावर. फुलचंदनंच त्याले म्हनलं, मले पळवू नका, छातीत दाटून येते, मधातच पडीन अन् साऱ्याईचा खेळ जाईन. श्रेयस म्हने, रजतले सांगू, चल डॉक्टरकडं जाऊ. तर फुलचंदनं त्याले माह्यासमोर गळ्याची शपथ घ्याले लावली, मले बी लावली. तो गेला, आता कायची शपथ? फुलचंद म्हने, रज्याले सांगू नका. साऱ्या दुनियेत तो एकटाच म्हनते का माह्यात दम हाये. त्याले तरी तसंच वाटू द्या."