जॉली माणूस

खिडकीतून सहज खाली पाहिलं, तर आमची ही गेटपाशी कोथिंबिरीची जुडी हातात धरून हसत होती. समोर तळमजल्यावरचे बर्वे हातवारे करून काहीतरी सांगत होते. इतकं मोकळं हसताना मी तिला घरात कधी पाहिल्याचं आठवेना.

"बर्वे किती जॉली आहेत, नाही?" असं ती आठवड्यातून एकदा तरी म्हणते. आमचा मुलगा सांगतो की खुद्द इंग्लंडात हा शब्द आता जुनाट झालाय, नाताळच्या शुभेच्छांपुरता उरलाय. आपल्याकडे मात्र दर बिल्डिंगीत त्याच्या नावाचा एक माणूस असतोच. आनंदी माणूस आपल्यापुरता आनंदी असतो. हसतमुख माणूस फोटोत बरा दिसतो. जॉली माणूस आला की दुसऱ्यांचे चेहरे खुलतात, मग त्याच्या घरातला नळ महिनाभर गळत असला तरी त्याला कोणी बोल लावत नाही.

मला लोक व्यवस्थित म्हणतात. आमच्याकडचा एकही नळ गळत नाही.

ही वर आली, तेव्हा चेहऱ्यावर हसू तसंच होतं. मी पेपर उघडून बसलो होतो. दोन ओळी वाचल्यासारखं केलं आणि विचारलं, "काय सांगत होते बर्वे?"

ती कोथिंबीर निवडायला बसली.

"काही नाही हो," ती म्हणाली. "तुम्हाला नाही हसू यायचं."