आगार न ठेवलेला नियम

पारस सुगनचंद लुणावत. जन्म १९६३, निधन २०२४. राहणार खांडबारा, तालुका नवापूर. व्यवसाय किराणा व धान्य. त्यांच्या दुकानात रेडिओ नव्हता. घरात टीव्ही लागला की ते उठून ओट्यावर येऊन बसत. तरीही तूर मोजताना त्यांच्या ओठांवर नेहमी एखादी परदेशी चाल असे. या विसंगतीचे कारण फार थोड्यांना ठाऊक होते.

त्यांच्या लहानपणी उन्हाळ्याची सुट्टी सुरतेला, मामाकडे जाई. मामेभाऊ नवनीत याने रेकॉर्ड प्लेअर घेतला होता आणि त्याला इंग्रजी रॉक गाण्यांचे वेड होते. ड्रमचा ठोका थेट छातीत उतरे. गिटार तर कोरे मांजरपाट फाडावे तशी वाजे. पारसला इंग्रजी येत नव्हते, म्हणून त्याने शब्द नुसत्या नादावर पाठ केले.

१९७६ च्या पर्युषणात गावच्या जैन स्थानकातील साध्वीजींनी मुलांना आपली आवडती एक वस्तू सोडण्यास सांगितले. एकाने कारले सोडले, दुसऱ्याने दुधी. मोठी माणसे हसू लागली. पारस उभा राहिला आणि यंत्रावर वाजणारे गाणे ऐकण्याचा त्याने जन्मभरासाठी त्याग केला. असा नियम घेताना आगार, म्हणजे सवलती, त्याच वेळी बोलून ठेवण्याची रीत आहे: इतकी मुदत, आजारपण, परगाव. भरात आलेल्या मुलाने एकही आगार ठेवला नाही. आई तीजाबाईंनी घरी जाताना त्याला पुष्कळ सुनावले, पण उच्चारलेला नियम परत घेता येत नव्हता.

स्वतःच्या तोंडाने म्हणण्यास मात्र मनाई नव्हती. दुकानातील हमाल दोधू विचारी, "पारसशेठ, हाई भजन शे का भांडन?"

२०२२ मध्ये डॉक्टरांनी सांगितले की डावा कान गेलाच आहे, उजवाही फार काळ टिकणार नाही. दिवाळीला मुलगी आयुषी पुण्याहून आली, ती सगळी गाणी फोनमध्ये शोधून घेऊनच. तिने इअरफोन पुढे ठेवले. पारसशेठांनी ते हलकेच परत सरकवले. पत्नी रक्षाबाईंनी समजावले की प्रायश्चित्त घेता येते, या आजारात कोणी बोल लावणार नाही. त्यावर ते म्हणाले, "कान जातोय, तो कानाचा धर्म. नियम माझा आहे."

आयुषीने इअरफोन गुंडाळले. "मग पप्पा, तुम्हीच म्हणा. तुमच्याबरोबर ती गाणी पण जायला नकोत."

त्या दुपारी दुकानाच्या गादीवर बसून, तेलाच्या रिकाम्या डब्यावर ठेका धरून त्यांनी आठवतील तेवढी गाणी म्हटली. गिटारचे तुकडेही तोंडानेच वाजवले. आयुषी फोनवर ते टिपत होती.

"पप्पा, हे इंग्रजी आहे का पावरी बोली?"

"मला काय विचारतेस? नवनीतकाकांनासुद्धा येत नव्हतं."

टिपलेले ऐकवू का, असे तिने विचारले तेव्हा त्यांनी नकारार्थी मान हलवली. आवाज आपला असला तरी आता तो यंत्रातला झाला, असे त्यांचे म्हणणे पडले. पुढच्या पावसाळ्यात उजवा कानही गेला. त्याबद्दल त्यांनी कधी तक्रार केली नाही. दुकानात मात्र पूर्वीपेक्षा मोठ्याने गात असत.

त्यांच्या पश्चात नियमाचा प्रश्न मिटला आहे: तो अखेरपर्यंत पाळला गेला. आयुषीने टिपलेली गाणी मूळ गाण्यांशी ताडून पाहिली. बहुतेक जुळली, दोन गाणी वडिलांनी एकात गुंफली होती, तीही सुटी करता आली. एका चालीचे मूळ मात्र कोठेच लागत नाही. असली रेकॉर्ड घरात कधी नव्हती, असे नवनीतभाई सुरतेहून कळवतात. आता दुकान पाहणारा मुलगा रिषभ म्हणतो की ती चाल पप्पांचीच. रक्षाबाईंना हे मान्य नाही. खात्री झाल्यावाचून दुसऱ्याची वस्तू आपल्या नावावर घेऊ नये, असे त्या म्हणतात. त्यामुळे ती चाल अद्याप कोणाच्याही नावावर लागलेली नाही.