कडूबाईचं काजळ

वालूरच्या माळी गल्लीत काजळ एकच, कडूबाईचं. शाळेला निघालेली पोरं तिच्या ओट्याशी थांबत. डबीत बोट बुडवून ती एकेकाच्या डोळ्यांत फिरवी. कुणाचे डोळे आल्याचं कानावर आलं, तर त्याला पुढं घेई.

"ह्याला आधी. लय टोचायलंय बिचाऱ्याला."

मग त्याच बोटानं बाकीची. तिला स्वतःचं मूलबाळ नव्हतं. गल्लीतली सगळी पोरं तिच्या बोटाखालून मोठी झालेली. समोरच भाड्यानं राहणारे तरुण माधवराव मास्तर हे रोज बघत.

निजामाचं राज्य होतं. एका साली परभणीहून सरकारी डॉक्टर शाळा तपासायला आले. मास्तर पोरांना गल्लीवार बसवत, घरी जाताना धाकट्यांना सोबत मिळावी म्हणून. डॉक्टर पापण्या उलटून बघत गेले. इतर रांगांत एखादंच पोर आजारी निघालं. माळी गल्लीच्या रांगेत मात्र जवळजवळ प्रत्येक पापणी आतून दाणेदार. खुपऱ्या. तशाच राहिल्या तर पुढं डोळे जातात.

"ही सगळी एका घरची का?"

"नाही. काजळ एका घरचं," मास्तर म्हणाले.

डॉक्टरांनी ओट्यावर बसून कडूबाईला समजावलं. तिनं एवढंच विचारलं, "म्हंजी आलेल्या डोळ्यातलं मी चांगल्या डोळ्यात नेलं?"

"हो, आजी."

उपाय म्हणून पापण्यांना आतून मोरचुदाची निळी कांडी लावायची, हे ऐकून गल्ली बिथरली. दुसऱ्या दिवशी बाया पोरांना शाळेऐवजी कडूबाईच्या ओट्यावरच घेऊन आल्या. चिपडांनी डोळे मिटलेल्या बन्सीधरला कडेवर घेऊन धुरपताबाई पुढं.

"आत्या, मोरचूद घालून आंधळी करायचीत का लेकरं? तुमच्याच बोटाला गुण हाय."

डॉक्टरवर कुणाचाच विश्वास नव्हता. कडूबाई गप्प राहिली असती तर तिचा मान तसाच राहिला असता.

"धुरपते, ह्याचा रोग मी शेजारच्या पोरीला दिला. तिचा आणखी कुणाला. गल्लीभर मीच वाटला."

"त्या डागदरानं डोकं फिरवलं तुमचं."

"फिरवलं आसंल. पोरांचे डोळे तर वाचतील."

तिनं डबी चुलीत टाकली आणि बन्सीधरला उचलून शाळेकडं चालू लागली. बाया मागोमाग गेल्या, बघायला म्हणून. निळी कांडी दिसताच पोरं भिंतीला चिकटली. कडूबाई बन्सीधरला खाली उतरवून बाकावर बसली.

"आधी माझे डोळे बघा."

डॉक्टरांनी तिची पापणी उलटली आणि त्यांचा हात थांबला. आत जुने पांढरे वण होते. पापणीचे केस आत वळून बुबुळावर घासत होते.

"आजी, दिसतं किती?"

"माणसं आवाजावरून वळखते. काजळ हातानं चाचपून घालायचे."

मास्तर थक्क झाले. रोज समोर असून त्यांना हे कळलं नव्हतं.

"कधीपासून?" डॉक्टरांनी विचारलं.

"ध्यानात न्हाई. मी ल्हान होते तवा माझी आजी घालायची मला. तीबी अशीच चाचपायची."

कांडी फिरली. कडूबाईनं बाकाची कड घट्ट धरली, पण मान हलवली नाही.

धुरपताबाई पुढं आली. बन्सीधरला मांडीवर घेऊन तिच्या शेजारी बसली.