लाल राहिलेला लिटमस

कापसाचा भाव पडला, बोंडअळीनं शेतं खाल्ली, त्या वर्षांत गावात मजुरी उरली नव्हती. राळेगावकडची एक बाई लोहाऱ्याला आमच्या लहानशा रसायन कारखान्यात साफसफाईला यायची; सगळे तिला मावशी म्हणायचे. मी नुकतीच बी.एस्सी. झालेली, तिथल्या प्रयोगशाळेत एकटी.

एका दुपारी गोदामातला पिंप कलंडला. मी धावत पोचले तोवर मावशीनं सांडलेलं सगळं फडक्यानं टिपलं होतं. लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलेलं. पिंपावरची चिठ्ठी कधीच निघून गेली होती. आत ॲनिलीन असेल, नाहीतर सायक्लोहेक्झिलअमीन. दोन्ही जुनी, तपकिरी पडलेली. वासाला आमची नाकं केव्हाच मेली होती.

"आग होते का, मावशी?"

"नाई वं पोरी. मले काहीच होऊन नाई राह्यलं."

"मग झालं तर," सुपरवायझर म्हणाला.

मला त्या काहीच न होण्याचीच भीती वाटली. ओला लाल लिटमस फरशीवरच्या ओलीला लावला. लालच राहिला. शेजारच्या, सायक्लोहेक्झिलअमीनची चिठ्ठी शाबूत असलेल्या पिंपातल्या थेंबानं दुसरा कागद लगेच निळा झाला.

बारावीत पाठ केलं होतं: ॲनिलीनमधल्या नायट्रोजनची इलेक्ट्रॉनजोडी बेन्झीनच्या कड्यात गुंतते, म्हणून ते दुबळं आम्लारी, लिटमसही बदलत नाही. सायक्लोहेक्झिलअमीनमधली जोडी मोकळी, म्हणून ते तीव्र. तीव्र असतं तर कातडी भाजली असती, मावशी ओरडली असती. हे दुबळं गुपचूप कातडीतून रक्तात उतरतं, आणि मग रक्ताला प्राणवायू पेलत नाही.

भिजलेलं लुगडं उतरवून तिला नळाखाली बसवलं, साबणानं धुतलं, माझी ओढणी गुंडाळली. "कायले एवढी घाबरून राह्यली?" ती हसली. ऑटोत बसल्यावर म्हणाली, डोकं दुखतं. तिचे ओठ जांभळट दिसायला लागले होते.

सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "काय सांडलं होतं?"

"ॲनिलीन."

"नक्की?"

लिटमसच्या एका तुकड्याच्या भरवशावर मी हे सांगत होते. "नक्की," म्हटलं.

त्यांनी शिरेतून त्यावरचं निळं औषध दिलं. मी तासभर तिच्या ओठांवरून नजर काढली नाही.

तिसऱ्या दिवशी ती घरी गेली, कारखान्यात परत आली नाही. मी तिथंच राहिले. दुसरी नोकरी नव्हती. रोज सकाळी आत येणाऱ्या बायकांचे ओठ मी आधी बघायची. त्या हसायच्या.