भाच्याची थरथर

भाचा जन्मला तेव्हा आमच्या मारुंजीच्या घरात खाली आम्ही आणि वर भाडेकरू, असा सदाचा गलका होता. वरची आयटीतली मुलं गाणी लावायची, दारात टेम्पो हॉर्न द्यायचे आणि या सगळ्यांवर मात करायची आमची आई. तिनं अंगणातून हाक मारली की ओढ्यापलीकडच्या शेतातला भाऊ मान वर करायचा.

बाळ दवाखान्यात असतानाच थरथरायला लागलं. हातपाय ताठ, सारख्या शिंका, चिरकं रडणं. दूध ओढायला जायचं आणि मध्येच सोडून द्यायचं. आई दृष्ट काढायला मीठ-मिरच्या घेऊन निघाली होती, तिला मी कशीबशी थोपवली.

डॉक्टरीणबाईंनी वहिनीला आधीच्या औषधांबद्दल विचारलं, तेव्हा उलगडा झाला. लग्नानंतर उरवड्याच्या कारखान्यात कामाला जाताना वहिनी स्कूटरवरून पडली होती. तेव्हा पाठीसाठी दिलेल्या गोळ्या तिला सोडता येईनात. एक दिवस चुकली तरी अंग मोडून यायचं, घाम फुटायचा. दिवस गेल्यावरही ती त्या घेत राहिली. दुखण्याची साधी गोळी, त्यात काय सांगायचं, असं तिला वाटलं.

त्या गोळ्या अफूच्या जातीच्या होत्या. डॉक्टरीणबाईंनी समजावलं, की पोटात असताना औषध आईकडून बाळालाही पोचत होतं. नाळ कापली आणि ते एकदम बंद झालं, म्हणून हा त्रास. बाळाला थोडं औषध देऊन ते हळूहळू कमी करायचं, वहिनीच्या गोळ्याही तशाच, सांभाळून कमी करत आणायच्या. बाकी उपाय म्हणजे अंधुक उजेड, शांतता, गुंडाळून छातीशी धरणं आणि अंगावरचं दूध.

वहिनी खाली बघत म्हणाली, "माज्यामुळंच झालं ना हे?"

डॉक्टरीणबाई काही बोलायच्या आत आमची आई म्हणाली, "तू काय हौसंनं खाल्ल्यास व्हय? पाठ मोडली म्हणून खाल्ल्यास. आता त्याला जवळ घे."

हे सगळ्या वॉर्डानं ऐकलं. नर्सनं आईकडे बघून ओठांवर बोट ठेवलं.

घरी आल्यावर आईनं शांततेचा कारभार हातात घेतला. वरच्या मुलांनी निमूट हेडफोन लावले. टेम्पोवाल्यांना तिनं कोपऱ्यावरच गाठलं. तिची स्वतःची कुजबुज मात्र फाटकापर्यंत ऐकू जायची, म्हणून ती खुणांवर आली. एकदा तिनं खुणेनं तांदूळ पाखडायचं सूप मागितलं आणि भावानं पाळण्याची दोरी आणून दिली. वहिनी तोंडावर पदर धरून हसली. बाळ आल्यापासून तिला हसताना मी पहिल्यांदाच बघत होते.

थरथर काही आठवड्यांत गेली, बाकीचं सावकाश आलं. मान उशिरा धरली, बसलाही उशिरा. आई त्याला घोंगडीवर पालथं घालून समोर खुळखुळा वाजवायची आणि त्यानं डोकं उचललं की स्वतःच दमून बसायची. गोळ्यांमुळं नेमकं किती झालं, हे डॉक्टरीणबाईंनाही सांगता येईना. अशी बरीच मुलं चांगली सावरतात, पण बोलणं आणि लक्ष लागणं यांवर शाळेपर्यंत नजर ठेवा, एवढं त्या म्हणाल्या.

पहिल्यांदा चालला तो वहिनीच्या माहेरी, मुळशीला, भात कापलेल्या खाचरात. पडला, तोंडाला माती लागली, उठून पुन्हा निघाला. मामा मागून धावत होता.

आता तो अंगणवाडीत जातो. एका जागी बसत नाही, शब्दही अजून मोजकेच आहेत, म्हणून बोलण्याच्या सरावाला आम्ही त्याला आळीपाळीनं नेतो. वहिनीच्या गोळ्या सुटल्यात. पाठ दुखली की ती व्यायाम करते आणि आमच्यावर चिडते. गेल्या तपासणीला डॉक्टरीणबाईंनी त्याच्यापुढे ठोकळे ठेवले. त्यानं नीट मनोरा रचला, उरलेला ठोकळा खिशात घातला आणि त्यांना म्हणाला, "चल, घरी."