कोडोलीचा हिरवा दिवा

रेखा पोवार मार्चमधल्या एका रविवारी सकाळी कोल्हापुरात राहत्या घरी हृदयविकाराने वारल्या. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत, दूध संकलनाची यंत्रे बनवणाऱ्या आमच्या कंपनीत त्या सॉफ्टवेअर बघत. मी शेजारच्या टेबलावर, तपासणी विभागात.

कुठलेही यंत्र सुरू झाले की मॅडम पंजा वर करत. मग चहावाल्यापासून मालकांपर्यंत सगळ्यांनी गप्प बसायचे. यंत्र जागे होताना काय करते आहे ते सांगणाऱ्या पांढऱ्या ओळी काळ्या स्क्रीनवर सरकत आणि त्या शेवटपर्यंत वाचत. मालकांनी एकदा मधेच काही विचारले, तर मॅडम म्हणाल्या, "थांबा की साहेब. त्याचं बोलून होऊ दे, मग तुमचं ऐकतो." कोल्हापूरच्या बऱ्याच बायकांसारख्या त्या स्वतःबद्दल 'ऐकतो', 'गेलतो' असे पुरुषांसारखेच बोलत.

ही सवय त्यांना पहिल्यापासून नव्हती. आधी त्यांनीच या ओळी झाकून टाकल्या होत्या. गवळी घाबरतात अशी विक्री विभागाची तक्रार होती, म्हणून यंत्र पूर्ण जागे झाल्यावर फक्त कंपनीचे चिन्ह दिसे.

कोडोलीच्या एका दूध संस्थेत थंडीतल्या एका सकाळी आमचे यंत्र सुरू झाले नाही. संकलन बुडाले, दूध परत गेले. ऊन वर आल्यावर चेअरमननी बटण दाबले, तर ते लगेच चालू झाले. ऑपरेटर बाबासो यांचे आदल्याच दिवशी चेअरमनशी रजेवरून वाजले होते. त्यांनी मुद्दाम यंत्र लावले नाही, असा संशय आला. कंपनीला बोलावणे आले. मॅडम आणि मी गेलो.

मॅडमनी यंत्राचा लॉग, म्हणजे त्याची आपोआप होणारी नोंदवही, उघडली. पहाटेची एकही नोंद नव्हती. पहिली ओळ चेअरमननी बटण दाबल्यानंतरची. बाबासो सांगू लागले की बटण दाबल्यावर हिरवा दिवा लागत होता आणि तिथेच...

"पावणं, बटण दाबलं असतं तर हितं उमटलं असतं की," मॅडमनी त्यांचे बोलणे तोडले. "न्हाय उमटलं म्हंजे न्हाय दाबलं."

संध्याकाळी बाबासोंना कामावरून काढले.

पुढे काही आठवड्यांनी त्याच खेपेतले एक यंत्र आमच्याच टेबलावर, गार सकाळी अडकले. हिरवा दिवा लागला, पुढे काही नाही. मी आतल्या बाजूने वायर जोडून लॅपटॉपवर बघितले. ओळी येत होत्या, आणि एका सुट्या भागाला हाक मारून थांबत होत्या. थंडीत तो भाग उत्तर देत नव्हता. सुरुवातीचे हे संदेश यंत्र तात्पुरत्या मेमरीत धरून ठेवते आणि कायमची साठवण जागी झाली की लॉगमध्ये उतरवते. त्याआधीच अडकले आणि बंद केले, तर ते पुसले जातात. लॉग कोरा राहतो.

हे मॅडमना माहीत होते. कोडोलीत आठवले नव्हते.

"मी त्याला खोटं पाडलं," त्या म्हणाल्या आणि यंत्र, वायर, लॅपटॉप गाडीत ठेवायला सांगितले. संस्थेच्या ऑफिसात त्यांनी उभ्यानेच सगळे सांगितले. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गारठ्यात सभासदांसमोर यंत्र अडकवून दाखवले. चेअरमन बाबासोंना परत घ्यायला तयार झाले.

बाबासो तोवर पन्हाळ्यावर एका हॉटेलच्या पार्किंगमध्ये गाड्या लावून देत होते. मॅडमनी तिथे जाऊन चूक कबूल केली, माफी मागितली. बाबासोंनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतले.

"मशीनचं कळलं, मॅडम," ते शेवटी म्हणाले. "पर मी दिव्याचं सांगत हुतो, ते तुम्ही ऐकलंच न्हाईसा."

कोडोलीला ते परत गेले नाहीत.

मॅडमनी सॉफ्टवेअर बदलले. आता स्क्रीन सगळ्यात आधी जागी होते आणि पहिल्यापासूनच्या ओळी तिच्यावर दिसतात. विक्री विभागाने जुनीच तक्रार केली. "घाबरू देत," एवढेच उत्तर मिळाले. दर थंडीत मॅडम एकदा पन्हाळ्याला जाऊन येत. तिथे काय बोलणे होई, ते त्यांनी सांगितले नाही. एकदा मी विचारले, तेव्हा "गेलतो, बसलो, आलो" म्हणाल्या.

मॅडमच्या रक्षाविसर्जनाला बाबासो आले होते. लोक पांगल्यावरही ते उभे होते. ते बोलतील तर ऐकावे म्हणून मी जवळ जाऊन बराच वेळ थांबलो.